शेळीने चाखलेली रशियाची गोष्ट

धुळाजी धनगर चोरून इंग्रजी शिकलाय आणि मुळशीच्या धरणाच्या मोजणीवर आलेल्या गोऱ्या साहेबाचं पुस्तक त्याने लांबवलंय, असं आमच्या भरे गावात कुणीही सांगेल. दोन्ही खोटं. धुळाजीला मराठी अक्षरसुद्धा येत नाही, आणि चोरी केली ती त्याच्या शेळीने. पुस्तकाला पुठ्ठा नव्हताच, नुसतं कागदी वेष्टण. तंबूत शिरून ते तिने नावासकट खाल्लं. साहेब आधी भडकला, मग हसला, आणि उरलेलं पुस्तक धुळाजीच्या हातात कोंबलं.

दिवाळीनंतर धुळाजीची मेंढरं खतासाठी आमच्या, म्हणजे पाटलांच्या, वावरात बसतात, मग कोकणात उतरतात. यंदा तो रोज दिवेलागणीला ते पुस्तक घेऊन हैबतराव मास्तरांच्या ओसरीवर यायचा. मास्तर पुण्याला शिकलेले. इंग्रजीचं मराठी करून नाकातल्या आवाजात सांगायचे, "हं! तर रशिया देशात बर्फ पडत आहे."

"आन् मेंढरं कुटं ठिवली?"

"मेंढरं नाहीत रे!"

"मंग घोंगड्या कशाच्या करत्यात?"

एका संध्याकाळी मास्तरांनी पुस्तक मिटलं. "पुरे! एकेकाला तीन-तीन नावं. कोण कुणाचा, पत्ता लागत नाही."

धुळाजीचं तोंड उतरलं. चार दिवसांनी त्याला निघायचं होतं, आणि गोष्टीतली सून भर बर्फात घर सोडून माहेरी निघाली होती. "मास्तर, पोर पोचली का, येवडं तरी सांगा."

"आधी तू सांग कोण कुणाचं. एक जरी चुकलं तरी वाचन बंद."

गावभर सगळ्यांच्या नकला करत फिरणाऱ्या मी मध्येच तोंड घातलं, "याला जमलं तर आठ दिवस मी कुणाची नक्कल करणार नाही!"

धुळाजीने डोळे मिटले. "येगोर म्हातारा. त्याचा थोरला स्तेपान. आय त्याला स्त्योपा म्हन्ती, चाकर बापाचं नाव जोडत्यात, पलटनीत आडनाव. मानूस एकच. मला न्हाई का, आय धुळ्या म्हन्ती, चावडीत धुळाजी बिन म्हसू? त्याचीच बायकू घर सोडून गेली. धाकला लंगडा…"

बोटं हवेत फिरत होती. सकाळी कोकरं आयांखाली प्यायला सोडताना ती अशीच फिरतात. दोनशे मेंढरांत एकही कोकरू चुकीच्या आईखाली जात नाही. इथे तर माणसं जेमतेम तीस.

"मास्तर, घोडी बी सांगू?"

मास्तरांनी पान उघडलं. "राहू दे. कुठवर आलो होतो?"

"पोर बर्फात हाय."

चौथ्या संध्याकाळी पोर माहेरी पोचली. धुळाजीने मुंडासं हवेत उडवलं. मास्तरांचा नाकातला आवाज चक्क कापला. तो काढून दाखवायला माझी जीभ शिवशिवली, मी तोंडही उघडलं.

"अंहं, धाकलं पाटील!" धुळाजीने बोट नाचवलं. "चार दिस झालं, चार ऱ्हायलं. तवर सोताच्या आवाजात बोला. कसा हाय त्यो, आमाला बी ऐकू द्या."