साहेबांनी सांगितलेली रास्त किंमत

वजनमापं तपासणाऱ्या खात्यातल्या एका निरीक्षकाची ही हकिकत. दुकानदार त्याला तोंडावर ‘साहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘अर्धा ग्रॅम’. हे दुसरं नाव त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एका सोनाराच्या काट्यात त्याने एकदा खरोखरच अर्ध्या ग्रॅमचा फरक पकडला होता, आणि त्या पराक्रमाची गोष्ट तो गेली अकरा वर्षं, चार माणसं बसलेली दिसली की सांगत आला होता. तीन उठून गेली तर चौथ्याला सांगे.

घरीही खातं सुटत नसे. बाजारातून आणलेली साखर तो ओट्यावर पुन्हा तोलायचा. बायको म्हणायची, “मला घरात घेताना तोललं नाहीत, हेच माझं नशीब.” इमारतीत कुणाचं कुणाशी वाजलं, पाण्यावरून असो की जिन्यातल्या चपलांवरून, की माणसं त्याच्याकडे येत आणि तो नाकाने कांदे सोलत निवाडा देई. निवाडे बरोबर असत, हे कबूल करायला हवं. दुसऱ्यांच्या भांडणात न्यायी राहणं तसं फारसं अवघड नसतं.

त्याला छंद होता सुतारकामाचा. त्याला सुतारकाम आवडायचं. सुतारकामाला तो आवडत नसावा. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याखालच्या खोलीत त्याने सात वर्षांत पाच स्टुलं केली होती आणि पाचही डुगडुगत होती. सोनाराला अर्धा ग्रॅम न सोडणारा माणूस स्टुलाच्या पायात अर्धं बोट खुशाल सोडून द्यायचा. दोष अर्थातच हत्यारांचा होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं बायको म्हणे, पण तिला लाकडातलं काय कळणार!

चांगली हत्यारं तळमजल्यावर होती. तिथे दातांचे एक डॉक्टर राहत. आठवडाभर ते लोकांचे दात कोरत आणि सुट्टीच्या दिवशी लाकूड. खिळा नाही, सरस नाही, नुसत्या सांध्यांवर घट्ट बसणाऱ्या लहान लहान पेट्या करीत. त्यांच्याकडे सहा जुने रंधे होते, पटाश्यांचा अख्खा संच होता, दोन करवती होत्या, आणि लोखंडी शिकंजा बसवलेलं, चार माणसं झोपली तरी हलणार नाही असं काम करायचं बाक होतं. साहेब दाराशी उभा राहून बघायचा. एकदा त्याने मोठ्या रंध्याला नुसतं बोट लावलं, तर डॉक्टर म्हणाले, “दात आणि रंधा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो.” जन्मभर दुसऱ्यांचे दात हाताळलेल्या माणसाने असं म्हणावं, याचं साहेबाला नवल वाटलं.

मग डॉक्टर वारले. साहेबाला वाईट वाटलं, आणि ते खरंच वाटलं. आता रंध्यांचं काय होणार, हा विचार त्याच्या मनात चौथ्या दिवशी आला. तीन दिवस आला नाही, याबद्दल त्याने स्वतःची पाठ थोपटली.

दोन महिन्यांनी डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्याला खाली बोलावलं. घर निम्मं रिकामं झालं होतं. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिके चौकोन उरले होते.

“महिनाअखेरीला लेकीकडे जातेय, कायमची,” काकू म्हणाल्या. “घर भाड्याचं, ते सोडायचं. भांडीकुंडी वाटून टाकली. ह्यांची हत्यारं तेवढी राहिलीत. भंगारवाला सगळ्याचे मिळून आठशे म्हणतो.”

“आठशे!” साहेब कळवळला.

“मलाही कसंसंच झालं. चार पैसे जवळ असावेत हो. लेक चांगली आहे, जावईही चांगला आहे. पण चष्म्याची काडी मोडली म्हणून त्याच्यापुढे हात पसरायचा, हे मला जमायचं नाही. तुम्ही घेता का? आणि किंमत तुम्हीच सांगा. तुमच्याएवढं रास्त कोण सांगणार?”

आता खरी गोष्ट अशी, की किंमत त्याला पाठ होती. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत तो तीन वर्षं मोबाइलवर जुन्या रंध्यांच्याच किमती बघत होता. एकटा मोठा रंधा अकरा हजारांना जात होता. सगळं सामान डोळे मिटून चाळीस हजारांचं होतं. आपल्याला चाळीसच म्हणायचं होतं, असं तो पुढे बायकोला शपथेवर सांगत असे. तोंडातून बाहेर पडलं ते मात्र, “चार हजार.”

काकूंचा चेहरा उजळला. तो उजळलेला बघून साहेबाला इतकं बरं वाटलं, की त्याने आपणहून आणखी एक हजार वाढवले. स्वतः सांगितलेला भाव स्वतःच चढवणारं गिऱ्हाईक जगात दुसरं नसेल, असं त्याला जिना चढताना वाटलं, आणि स्वतःच्या चांगुलपणाने त्याचेच डोळे भरून आले.

पस्तीस हजारांचा फरक म्हणजे काही अर्धा ग्रॅम नव्हे. पण नियम कुठे वाकतो, हे खात्यातल्या माणसाइतकं कुणाला ठाऊक? नव्या काट्याला जेवढी चूक माफ असते, तिच्या दुप्पट वापरातल्या काट्याला माफ असते, असा खात्याचा नियमच होता. रंधे तर वापरातलेच. त्यातून दोन रंध्यांवर गंज होता. बाक वर चढवायला दोन हमाल लागणार, त्यांची हमाली आपल्या खिशातून. शिवाय भंगारवाल्याच्या सहापट पैसे दिले. शिवाय डॉक्टरांच्या हत्यारांना जाणकार हात मिळाला. असं एकेक वजन तो पारड्यात टाकत गेला आणि काटा हवा तिथे आल्यावर थांबला.

“खरी किंमत किती?” बायकोने विचारलं.

“तशी... बाजारात म्हणशील तर... चाळीसेक.”

“म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं.” एवढं बोलून ती कपडे वाळत घालायला गेली.

“अगं, पण ती खूश आहे!” तो मागून ओरडला.

खूश होत्या, हीच तर पंचाईत झाली. काकूंनी ते साऱ्या इमारतीला सांगितलं. भंगारवाला आठशे म्हणत होता आणि साहेबांनी आपल्या तोंडाने चार सांगून पाच दिले, ही गोष्ट सोनाराच्या गोष्टीपेक्षा भराभर पसरली. फाटकाशेजारी दुकान असलेला शिंपी तर मेहुण्याला घेऊनच वर आला. जुनं शिलाई मशीन मेहुण्याला द्यायचं होतं आणि भाव काही जुळत नव्हता. “आम्ही दोघंही एकमेकांना चोर म्हणतोय, साहेब,” शिंपी म्हणाला. “तुम्ही सांगाल ते मान्य.” साहेबाने मशीन फिरवून बघितलं, पट्टा बघितला, घासलेला दाता शोधून काढला आणि अगदी नेमकी किंमत सांगितली. दोघं हात जोडून उठले. एरवी त्याची छाती फुगली असती. त्या दिवशी त्याला घास गेला नाही.

वरच्या खोलीत डॉक्टरांचं बाक आता मांडलेलं होतं. मोठा रंधा फळीवरून नुसता ढकलला की कागदाहून पातळ ढलपी वळत वळत वर यायची. तसलं सुख त्याने आयुष्यात भोगलं नव्हतं. पण दुसरी ढलपी निघेनिघेपर्यंत काकूंचं ते ‘तुमच्याएवढं रास्त कोण’ कानाशी यायचं आणि हात थांबायचा. सहावं स्टूलही डुगडुगलं. आता तर हत्यारांना नावं ठेवायचीही सोय राहिली नव्हती.

त्याच आठवड्यात एका किराणा दुकानात त्याला पारड्याखाली चिकटवलेला शिशाचा तुकडा सापडला. दुकानदार लाजला नाही की घाबरला नाही. “साहेब, गिऱ्हाईक हसत येतं, हसत जातं,” तो म्हणाला. “त्याची तक्रार नाही, मग तुमच्या पोटात का दुखतं?” यावर साहेब असा काही भडकला आणि त्याने असा काही दंड ठोकला, की बरोबरचा कारकूनही चरकला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आणि त्याच संध्याकाळी काकू दोन जिने चढून, धापा टाकत वर आल्या. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी पुढे केलं. बोटाएवढा पितळी रंधा होता. पेट्यांच्या कडा साफ करायला डॉक्टर तो वापरत.

“कपाटात मागे राहिला होता. हा तुम्हाला असाच.”

“काकू, असाच कसा? किंमत...”

“किंमत कसली! आठशेच्या मालाचे पाच हजार दिलेत तुम्ही. मला ते टोचत होतं. कुणाचं जास्त घेतलंय असं वाटलं की मला झोप येत नाही.”

साहेबाने तो रंधा घेतला. न घेण्याचं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. बायको दारात उभी राहून बघत होती. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कबुली द्यायला खाली उतरला. जिना उतरताना पुढचा सगळा प्रसंग त्याला डोळ्यांसमोर दिसत होता. आपण मान खाली घालून सांगणार. काकू डोळ्यांना पदर लावणार, म्हणणार, अहो, तुम्ही सांगितलंत यातच सगळं आलं. आपण आणखी दोन हजार पुढे करणार. त्या नको नको म्हणणार. मग फार तर एक हजारावर मिटणार.

काकू एका खोक्याला दोरी बांधत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“चाळीस?”

“हो.”

“आणि हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?”

“हो.”

काकूंनी गाठ मारली, ओढून बघितली. “बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “मग पस्तीस राहिले.”

साहेब थक्क झाला. माणूस आपल्या पायांनी येतो, काळीज उघडं करतो, आणि समोरची बाई वजाबाकी करते!

“तसं नव्हे, काकू, दोन रंध्यांवर गंज होता...”

“चाळीस म्हणालात ते गंज धरून की सोडून?”

इथे खात्यातल्या बावीस वर्षांच्या सवयीने घात केला. “धरून,” तो म्हणाला.

“मग झालं तर.”

“आणि हमाली मी दिली...”

“हमाली घेणाऱ्याचीच असते.” काकूंनी दुसरं खोकं पुढे ओढलं. “जमत नसेल तर सामान परत आणा. लेकीला चार दिवस थांब म्हणते, दुसरं गिऱ्हाईक बघते. आता किंमत कळलीच आहे.”

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत तरी काढता येते. त्या फक्त त्याच्याकडे तो पुढे काय करतो ते बघत होत्या, आणि असं बघणं तो ओळखत होता. दुकानात काटा हातात घेतला की तोही असाच बघायचा.

“काय लोभी बाई आहे!” तो घरी येऊन म्हणाला.

“लोभी? पैसे तिचेच ना?”

“पण मी स्वतःहून सांगितलं!”

“बरं मग? चोराने स्वतःहून सांगितलं म्हणून चोरलेलं त्याचं होतं का?” बायको शांतपणे म्हणाली. “तुम्हाला तिथे माफी हवी होती, तीही फुकट. तिला चष्म्याच्या काडीचे पैसे हवे होते.”

साहेब दिवसभर फणफणला. रात्री जाऊन बाकावर हात फिरवून आला. सामान परत करायचा विचार त्याने तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा मोठ्या रंध्याकडे बघून सोडून दिला. शेवटी नव्या स्कूटरसाठी बाजूला काढलेले पैसे बँकेतून काढून त्याने काकूंना नेऊन दिले. पितळी रंधाही बरोबर नेला होता, पण काकू म्हणाल्या, “तो मी दिला होता. दिलेलं मी परत घेत नाही.” तेव्हा तोही पुन्हा खिशात घालून वर आणावा लागला.

महिनाअखेरीला काकूंना निरोप द्यायला सगळी इमारत फाटकाशी जमली. गाडीत सामान चढत होतं. शिंप्याच्या अंगात उत्साह संचारला होता. “काकू, आमचं कुणाचं नाही, पण साहेबांचं नाव काढत जा हो,” तो मोठ्याने म्हणाला. “आठशेचे पाच हजार केले या माणसाने! आजकाल कोण करतं?”

सगळ्यांनी साहेबाकडे कौतुकाने बघितलं. साहेबाने काकूंकडे बघितलं. आपण चाळीस दिले, हे सांगायला त्याची जीभ शिवशिवत होती. पण चाळीस सांगायचे तर आधीच्या पाचांचं काय करायचं? सांगितलं तर काकूच सांगू शकत होत्या. पाच म्हणजे काय होतं हे त्यांनी सांगितलं असतं तर तो तोंडघशी पडला असता, आणि चाळीस तेवढे सांगितले असते तर त्याच्या नावाचा गजर झाला असता.

“सामानाचे पैसे मला पूर्ण मिळाले,” काकू म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.

लोकांनी माना डोलावल्या. त्यांच्या हिशेबी पूर्ण म्हणजे पाच. गाडी गेली. शिंप्याने साहेबाच्या पाठीवर थाप मारली आणि दुकान उघडायला गेला. लबाडी केली तेव्हा इमारतीने डोक्यावर घेतलं होतं. आता सचोटीला पस्तीस हजार मोजले, तर तिचा कुणाला पत्ताही नव्हता.

तो पाय ओढत वर आला आणि सहाव्या स्टुलावर डुगडुगत बसला.

“एका शब्दाने तरी बोलायचं होतं तिने,” तो म्हणाला. “जास्त नको. निदान आभार तरी मानायचे होते.”

“कशाबद्दल?” बायकोने विचारलं.

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. ती हातातलं काम थांबवून, उत्तर येईल म्हणून खरोखरच वाट बघत उभी होती.