आंब्यासाठी नवे, बायकांसाठी जुने

आमच्या बागेकडे आणि खालच्या भातशेतीकडे जाणारा रस्ता सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावरून, उतरतो. शेवटचा उतार उघड्या कातळाचा आहे. उन्हाळ्यात त्यावर बारीक खडी सुटते आणि आषाढात शेवाळ धरतं. पिकअपचे टायर निवडताना एवढं ध्यानात ठेवलं की पुरे, अशी माझी समजूत होती. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून मी गावी परतले ती आंब्याची निर्यात उभी करायला.

गाडी आणि मजूर काका सांभाळतात, बाबांचे धाकटे भाऊ. हंगाम तोंडावर आला तसे आम्ही दोघं रत्नागिरीत टायरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने उंच ठोकळ्यांचा, राकट दिसणारा एक टायर काकांपुढे गडगडत आणला.

"ह्यो घ्या. चिखलाचा बाप हाय."

"आमच्या उतारावर चिखल नाही, ओला कातळ आहे," मी म्हणाले. "मोठे ठोकळे कातळाला कमी टेकतात. ठोकळ्यांवर बारीक चिरा असलेला ऑल-टेरेन दाखवा."

त्याने काकांकडे पाहिलं. "पोरगी इंजिनेर काय?"

"नाय रे. त्याच्यापेक्षा वाईट."

दोघे हसले. मीही हसले, कारण दुकानदार हवा तो टायर आणायला उठला होता. टायर चांगला निघाला. चिरा खोल होत्या आणि रबर नखाला दबत होतं. मी होकार दिला. तेवढ्यात काका त्याला म्हणाले, "हे बसव, आणि जुने चारी मागे हौद्यात टाक. पावसाळ्यात लागतात."

"पावसाळ्यात कशाला?" मी विचारलं.

"आंबा संपला की नवे काढून ठेवायचे. दरवर्षीचंच आहे. पावसात काय, लावणीच्या बायका तर न्यायच्या. वजन नसतं."

गेल्या आषाढात त्याच उतारावर गाडी मागून सरकली, आडवी झाली आणि बांधाच्या दगडांना टेकून थांबली. मी काकांशेजारी पुढे होते, बायका मागे हौद्यात. त्यांतली सर्वांत वयस्कर बाई खाली उतरून मला म्हणाली होती, "आमी चालत जातो गो बाय. कातळावर पायच बरे." काकांनी तेव्हा पावसाला दोष दिला होता. टायर बदललेले आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे पेट्यांना नवे आणि माणसांना गुळगुळीत?"

"आवाज कमी कर. बायकांनी कधी तक्रार केली?"

हलक्या गाडीचं मागचं चाक ब्रेक दाबताच आधी घसरतं, हे मी त्यांना सांगू शकले असते. पण माझा संताप भौतिकशास्त्रातल्या चुकीवर नव्हता. मालवाहू गाडीत माणसं बसवू नयेत हे आम्ही दोघेही जाणत होतो. त्या शेतांकडे दुसरी गाडी जात नाही, हेही. आंबा डागाळला तर व्यापाऱ्याचा फोन येतो. बाईचा खांदा दुखावला तर ती तेल चोळून दुसऱ्या दिवशी चिखलात उभी राहते, कारण तिची रोजची मजुरी काकांच्या हातून मिळते. त्या गप्प बसण्याला काका संमती म्हणत होते.

"जुने टायर होडीवाले नेतात ना, कडेला बांधायला?" मी दुकानदाराला विचारलं. "मग हे चारही त्यांना द्या."

"काकांना इचारा आधी."

"गाडी माझ्या नावावर आहे."

खरंच होती. महिला उद्योजक म्हणून कर्ज सोपं पडेल, या हिशेबाने घरच्यांनी ती तशी घेतली होती. आजवर त्या कागदाचा उपयोग फक्त बँकेला झाला होता.

नवे टायर बसले, जुने दुकानातच राहिले आणि काका गाडीत जाऊन बसले. सडा लागल्यावर त्यांनी विचारलं,

"लावणीत झिजले तर पुढच्या आंब्याला काय लावशील?"

"नवे. आणि लावणीच्या पहिल्या दिवशी मागे हौद्यात तुम्ही बसा. माझ्या जागेवर पुढे ती म्हातारी बसेल."

"लोक हसतील."

"हसू देत," मी म्हणाले. माझा आवाज अजिबात कमी नव्हता.