वॉशरभाऊंचं खरं नाव

नळ गळायला लागला की सगळ्या वस्तीची हाक एकच: "वॉशरभाऊ!" नळदुरुस्ती हा त्यांचा धंदा. दुरुस्ती झाली की पाना पुसत म्हणायचे, "काही नाही हो, वॉशर गेला होता." तेच नाव चिकटलं. कामाआधी मात्र पाइपावर तळवा ठेवून पुटपुटायचे, "देवा, काम तुझं, हात माझे."

इस्पितळाच्या टाकीचं झाकण निसटलं आणि भाऊंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आत बाळंतिणी पाण्यावाचून होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या हातानं हा माणूस पुन्हा टाकीत उतरला. बायकोनं डोक्याला हात लावला.

पुढे लोकांनीच त्यांना नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं केलं. पण पठ्ठ्या भिंतीवर नाव रंगवू देईना. "मोठं करायचं ते देवाचं नाव. माझं कशाला?"

तिथंच घोळ झाला. मतपत्रिकेवर छापलं होतं आईनं ठेवलेलं नाव, आणि ते माहीत होतं कुणाला? म्हातारी माणसं चष्मे पुसून पुसून विचारत होती, "यात आमचा वॉशर कुठाय?" अधिकारी बिचारा सांगणार कसा! शेवटी शेकडो लोकांनी कोऱ्या जागेत स्वतःच 'वॉशर' लिहिलं. ती सगळी मतं बाद झाली आणि भाऊ पडले.

"देवाची मर्जी," घरी येऊन ते म्हणाले. बायकोचा पारा चढला.

"देवाला कशाला मध्ये ओढता? शेजारच्या आजी काठी टेकत गेल्या आणि रडत परत आल्या. नम्रपणा तुमचा अन् फजिती त्यांची!"

हे भाऊंच्या वर्मी लागलं. जेवणावरून तसेच उठले.

पुढच्या निवडणुकीआधी ते बायकोला घेऊन कचेरीत गेले, कायद्यानं नाव बदलून 'वॉशर' करून घ्यायला. कारकुनानं जुन्या नावावर रेघ मारली. त्या नावानं फक्त आई हाक मारायची, आणि ती जाऊन बारा वर्षं झाली होती. बायकोचं सगळं 'अहो'वरच भागायचं. सहीआधी भाऊंनी त्या रेघेवरून तीन बोटं फिरवली, ते तिनं पाहिलं. आपण जरा जास्तच बोललो, असं तिला वाटलं.

मतदान करून बाहेर येताच आजी ओरडल्या, "सापडला गं बाई!" गुप्त मतदान वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. भाऊ दणक्यात निवडून आले.

गळ्यातला हार काढून ते दारात चपला सोडत होते. आतून बायकोची हाक आली. पण 'अहो' नाही. आईनं ठेवलेल्या त्या नावानं, थोडी अडखळत, थोडी लाजत.

भाऊ एका पायात चप्पल घेऊन तसेच उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

मग त्यांनी ओ दिली.