आबा मोटारसायकल धरायला धावले तो रविवार

मोटारसायकलच्या शर्यती बघण्याचा मला नाद आहे. चालवण्याचा नाही, फक्त बघण्याचा. उन्हात उभं राहायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि घरी येऊन मुकाट्यानं बोलणी खायची. आमची आई याला व्यसनच म्हणायची आणि माझं लग्न जमेपर्यंत ते झाकून ठेवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

मी तेव्हा एमआयडीसीत दुचाकींच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो. आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. घराण्यात महिन्याचा पगार घेणारा पहिला मीच, त्यामुळे गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांकडे बऱ्याच स्थळांचं लक्ष होतं. (बऱ्याच म्हणजे एका.) वैजापूरकडच्या मारुतीआबांची सुलोचना! मी तिला एका लग्नात पंगत वाढताना पाहिलं होतं. तिनं मला न विचारता ताटात दोन जिलब्या टाकल्या आणि त्या क्षणी मी मनातल्या मनात बोहल्यावर चढलो. आता आबांनी येऊन मला पसंत करायचं तेवढं राहिलं होतं. पण ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. कधी मोर्चा, कधी बंद, कधी एसटीच नाही. आबांचं येणं लांबत लांबत नेमकं शर्यतीच्या रविवारी येऊन टेकलं.

शर्यतीचं नाव काढलंस तर याद राख, असं आईनं सकाळीच बजावलं. मी शहागंजातून पेढे आणले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि समंजस चेहरा करून बसलो. आबा आले. पांढरं धोतर, भला मोठा पटका, बोलणं बेताचं. चहा पुढे आला आणि तेवढ्यात पलीकडच्या माळावर इंजिनं गरजली. (गारखेड्यात तेव्हा घरांपेक्षा माळच जास्त होता.) माझा चेहरा समंजस राहिला, पण गुडघा हलायला लागला.

कसला आवाज, असं आबांनी विचारलं. आई म्हणाली, विहिरीचं काम चाललंय. नेमका त्याच वेळी मी म्हणालो, शर्यत! आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी हातातला पेढा परत ताटात ठेवला.

आबांनी कप खाली ठेवला. "पट हाय व्हय? मंग इथं कशापायी बसलोत?"

आबांची बैलजोडी एके काळी शंकरपटाच्या शर्यतीत पळालेली, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं! ते पायात वहाणा सरकवून दारात उभेसुद्धा राहिले. मी धावतच त्यांना माळावर नेलं आणि दोरीला लागून जागा पटकावली. ही शर्यत गोल असते, तेच ते फेरे बरेचदा मारायचे असतात, हे सगळं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्या आवाजात त्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही. ते मान मात्र डोलावत होते.

गाड्या सुटल्या आणि मी जागच्या जागी नाचायला लागलो. पहिला फेरा संपवून लाल शर्टवाला समोरून सुसाट येताना दिसला. आता, बैलांच्या पटात जोडी शेवटच्या रेषेवर आपण होऊन थांबत नाही. तिला धरायला धन्याची माणसं पुढे उभी असतात. इथं शर्यत संपली (असं आबांना वाटलं) आणि धरायला एकही माणूस नाही! शहरातल्या लोकांच्या बेफिकिरीची आबांना कीव आली असावी. ते दोरीखालून आत शिरले आणि दोन्ही हात पसरून मोटारसायकल धरायला उभे राहिले.

मी झेप घेतली आणि हाताला लागलं ते धरलं. हाताला लागला आबांचा कासोटा! तो हिसडून ओढल्याबरोबर आबा गरकन फिरून कडेच्या कडब्याच्या पेंढ्यांवर पडले, त्यांच्यावर मी पडलो आणि लाल शर्टवाला हातभर अंतरावरून निघून गेला. मागून बाकीच्या गाड्या गेल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. देवा, सुटलो रे, असं म्हणून मी मान वर केली आणि खालच्या माणसाला विचारलं, "पुढं कोण गेला?"

माझ्या हातात त्यांच्या धोतराचं टोक होतं. सोयरीक मोडली, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

घरी आल्यावर आबा धोतर सावरून बसले. सगळा प्रकार ऐकून आई पदराला डोळे पुसत आत गेली. मग आबांनी एकेक विचारायला सुरुवात केली. तुझी गाडी आहे का? नाही. पैज लावली होती? नाही. तो लाल शर्टवाला कोण तुझा? कुणी नाही.

"मंग नाचत व्हता कशापायी?"

काय सांगणार? खरं होतं ते सांगून टाकलं. म्हणालो, "आबा, मी दिवसभर चाकाचे नट आवळतो. गाडी फाटकाबाहेर जाते अन् पुन्हा दिसत नाय. इथं ती पळताना दिसते. लई बरं वाटतं."

आबा आईला हाक मारून म्हणाले, "बाई, पोरगी दिली तुमाला."

आई पदर तोंडावर तसाच धरून दारात थिजली. आबा म्हणाले, "गाडी दुसऱ्याची, जिकणार दुसराच, अन् ह्यो आपला खुशीत. हेवा नाय की दावा नाय. आमची सुलोचना लई सुसाट हाय. कुणाचं ऐकत नाय. तिला आडवा जानारा नवरा कामाचा नाय, बाजूला हून टाळ्या वाजवनारा पायजे."

माझा जीव असा काही भांड्यात पडला, की मी उठून आबांच्या पायाच पडलो. ते नेमकं काय म्हणाले, हे समजायला मात्र लग्नानंतरचे बरेच महिने लागले.