एक जूनच्या दोन शोभा इंगळे

अन वरून दवाखान्यातली कॉम्प्युटरवरची पोरगी मलेच म्हणते, "मावशी, नीट आठवा, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हाये!"

"मंग हा मोतीबिंदू काय तुह्या कॉम्प्युटरचा हाये?"

आज अकोल्याच्या दवाखान्यातून मले असं वापस धाडलं. मीही शोभा इंगळेच, पण ऑपरेशन झालं ते हिवरखेडच्या शोभा इंगळेचं. तिथला कॉम्प्युटर नाव अन जन्मतारीख जोडून पेशंटचा नंबर बनवते. आमच्या वेळी तारीख माहीत नसली का मास्तर एक जून लिहून देत. सालही जुळलं, दोघींचा नंबर एकच झाला.

नाव मायबापानं ठेवलं, तारीख मास्तरनं टाकली. त्याच्यावरून माणूस कसा ओळखता? एकाले दिलेला नंबर पुन्हा कोणालेच भेटू नये, एवढं तं पाहा!

दवाखान्यातलं कोणी या ग्रुपवर असलं तर सोमवारपर्यंत सांगा, माझा नंबर येगळा करता का डोळा जाऊ देता?