दारावरचा आकडा

सोलापूरच्या आमच्या चाळीत आगीच्या बंबावरचे एक काका एकटेच राहायचे. जिन्यात कुणी सुताची गाठोडी ठेवली की ओरडायचे, "पळायची वाट हाय ती!"

प्रत्येक दारावर ते खडूनं घरातल्या माणसांचा आकडा लिहायचे. कुठं बाळ जन्मलं, कुणाची पोरगी सासरी गेली, की जुना पुसून नवा. "आग लागली तर आदी माणसं मोजायची. सामान मागनं."

त्यांच्या दारावर मात्र काहीच नव्हतं. एकदा मी विचारलं.

"मी भाईर उभारून मोजणार की."

"आणि तुम्हीच आत राहिलात तर?"

त्यांनी खिशातला खडू माझ्या हातात दिला आणि मी 'एक' लिहीपर्यंत ते जिन्याकडं तोंड करून उभे राहिले.