काकांच्या सासूबाईंचा गेटपास

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर. नाव लिहिलं तर ते रागावतील. आमच्या वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावात नुसतं 'सर' म्हटलं तरी पुरतं. माझे वडील कापसाच्या बाजारात हमाली करत, आणि दहावीनंतर मलाही त्याच कामाला लावायचं घरात ठरलं होतं. सर एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले. वडिलांनी बसायला सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही हो म्हणाल तेव्हा बसतो." आईला दिवाबत्ती करायची होती आणि सर दारातून हलेनात, तेव्हा वडील हो म्हणाले. अशा रीतीने आमच्या घराण्यात पहिला बी.एस्सी. झाला.

सर वर्गात दोनच प्रश्न विचारत. पाहिलं का? मोजलं का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच पुढं बोलायचं. या दोन प्रश्नांच्या जोरावर मी गावाजवळच्या सूतगिरणीची प्रयोगशाळा वीसेक वर्षं सांभाळली. मग गिरणी बंद पडली, आणि अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मला नाशिकला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, विजेचे स्विच बनवणाऱ्या कंपनीत माल तपासनीसाची नोकरी मिळाली. सहा महिने प्रोबेशन होतं. मुलगी इंजिनिअरिंगला, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. तेव्हा नाशिककडून मला एकच गोष्ट हवी होती, कायम होणं.

या वयात गाव सोडतोय म्हणून लोक हळहळतील असं वाटलं होतं. कुणी हळहळलं नाही. "नाशिकले चालला? लय बरं झालं बाप्पा," असं जो तो म्हणाला. मला वाटलं, माझ्या नोकरीचा आनंद आहे.

त्या आनंदाचं कारण पंधरा दिवसांत कळलं. आमच्याकडच्या माणसाला नाशिक हे शहर वाटत नाही, ती करायच्या कामांची यादी वाटते. रामकुंडावर अस्थी, त्र्यंबकला नागबळी, वणीची देवी, परत जाताना शिर्डी. कमतरता होती ती फक्त स्वच्छ संडास असलेल्या मुक्कामाची. ती सिडकोत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये भरून निघाली.

"अहो," बायको म्हणाली, "आपण नोकरीला आलोय की धर्मशाळा चालवायला, एकदा कंपनीत विचारून घ्या."

कंपनीतले लोक मला हॉटेलं, मॉल, द्राक्षांच्या बागा यांबद्दल सांगत. मी त्यातलं काही पाहिलेलं नव्हतं. पंचवटी मात्र मला पाठ झाली. कुठले गुरुजी दक्षिणेवरून वाद घालत नाहीत, कुठल्या गल्लीत रिक्षा वळते, भाजीबाजाराच्या बाजूने गेलं तर किती वेळ वाचतो. सरांचा विद्यार्थी असल्यामुळे रामकुंडावर आणि त्र्यंबकला गर्दी कुठल्या वारी किती असते, हेसुद्धा मी पाहून आणि मोजून ठेवलं. बुधवारी सगळ्यांत कमी.

प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले असताना चुलतकाका आले. त्यांच्या सासूबाई वारल्या होत्या, त्यांना मुलगा नव्हता, म्हणून अस्थी जावयाने आणलेल्या. तांबड्या फडक्यात बांधलेलं गाडगं, बाहेरून कापडी पिशवी. अस्थी घरात नेत नाहीत, झाडाला वगैरे टांगून ठेवतात. आमच्या सोसायटीत झाड नव्हतं.

"मंग ठेवू कुठी?" काकांनी पार्किंगमध्ये उभं राहून विचारलं. "गावात अंगणातल्या लिंबाले टांगल्या होत्या."

"स्कूटरच्या हुकाला टांगा," मी म्हणालो. "सकाळी मी कामावर जायच्या आधी काढून घ्या. रिक्षा सांगून ठेवली आहे."

"बाई जन्मात कधी स्कूटरवर बसली नाई," काका म्हणाले आणि हात जोडून वर आले.

सकाळी काका आंघोळीला गेले ते लवकर बाहेर येईनात. पहिली पाळी चुकेल म्हणून मी घाईने खाली उतरलो, जेवणाच्या डब्याची पिशवी हुकाला अडकवली आणि निघालो. हुकाला आधीच एक पिशवी होती, हे गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याच्या लक्षात आलं.

"साहेब, आज दोन डबे? पाहुणे आले का कोणी?" त्याने हात घातला. "हा उघडून दाखवा."

मी पिशवी घट्ट धरली. "तो उघडत नाहीत."

"का बरं? आत काय हे?"

"काकांच्या सासूबाई."

त्याने हात मागे घेतला, तो पँटीला पुसला, मग नमस्कार केला. तेवढं झाल्यावर त्याला नियम आठवला. "आत न्यायचं तर नोंद करावी लागंल. काय लिहू?"

"आत न्यायचंच नाही. मी परत घरी ठेवून येतो."

"तुमचं हजेरीचं कार्ड पंच झालंय. आता बाहेर जायला गेटपास लागंल, सामानाचा वेगळा. साहेबांची सही."

तेवढ्यात मॅनेजरसाहेबांची गाडी आली. हे पुण्याकडचे, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि नियमाला फार धरून. त्यांच्या केबिनमध्ये खुर्चीमागे फ्रेम होती, 'आकडे नसतील तर मत सांगू नका.' पहिल्या दिवशी ती वाचून मला सरांची आठवण आली होती. साहेबांनी काच खाली केली, सगळं ऐकून घेतलं आणि पेन मागितलं.

सिक्युरिटीवाला लिहायला लागला. "एक नग. साहेब, रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"गोदावरीत जाणार आहेत," मी म्हणालो.

"नॉन-रिटर्नेबल," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली. मग माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मी समजलो की आपलं इथलं अन्न संपलं.

पार्किंगमध्ये काका टॉवेल गुंडाळून सैरावैरा फिरत होते. मला पाहून म्हणाले, "काऊन बे, माह्या सासूले कामावर नेलं?" सासूबाईंचं पुढचं सगळं नीट पार पडलं. माझं काय होणार ते मात्र ठरत नव्हतं. त्याच आठवड्यात मी स्विचचा एक अख्खा लॉट थांबवला. तापल्यावर त्यांचं प्लॅस्टिक मऊ पडत होतं, मी तीनदा मोजून पाहिलं होतं. त्यावर कुणी चांगलं म्हणालं नाही, वाईटही नाही. आणि मग साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"दार लावून घ्या. बसा. त्या दिवशीचं ते, तुमच्या सासूबाईंचं..."

"काकांच्या, साहेब."

"तेच. नीट झालं ना?"

"झालं."

"तुमची त्या बाजूला बरीच ओळख दिसते." त्यांनी आवाज उतरवला. "आमच्याकडे कालसर्पाचं निघालंय. माझा विश्वास नाही, स्पष्ट सांगतो. पण माझं प्रमोशन दोनदा अडकलं, आणि मिसेसच्या मनाने घेतलंय. त्र्यंबकला कुणी खात्रीचं आहे का?"

त्यांच्या डोक्याच्या बरोब्बर वर ती फ्रेम होती. सरांचे दोन्ही प्रश्न माझ्या जिभेवर आले. प्रोबेशन संपायला आठ दिवस होते.

मी विचारलं, "किती माणसं, साहेब?"

"दोघंच."

"मग बुधवारी जा. गर्दी कमी असते."

पुढच्या सोमवारी मी कायम झालो. मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "यांची प्रत्यक्ष कामाची माहिती बघा, शिकण्यासारखी आहे." टाळ्या वाजल्या. बायकोने गोडाचा शिरा केला. तो त्या दिवशी मुक्कामाला असलेल्या मावसभावाच्या कुटुंबाने जास्त खाल्ला.

सरांना हल्ली ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. त्यांना मी पत्र पाठवलं, ते असं:

आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

मी कायम झालो. तुम्ही विचाराल, पाहिलं का? ऑर्डर पाहिली, सही-शिक्क्याची आहे. पण कशामुळे झालो हे मला मोजता आलेलं नाही. एका आठवड्यात मी खराब लॉट थांबवला, आणि दुसऱ्या आठवड्यात साहेबांना कालसर्पासाठी त्र्यंबकचे गुरुजी गाठून दिले. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी असं तुम्ही शिकवलं होतं. इथे दोन एकदम बदलल्या, त्यामुळे प्रयोग वाया गेला.

साहेबांना तुमचे दोन प्रश्न विचारायला हवे होते. विचारले नाहीत. आमच्या दारात तुम्हाला बसायला सांगितलं तेव्हा तुम्ही बसला नाहीत. मी मात्र लगेच बसलो. पगार चांगला आहे, झोपही लागते, पण हे तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना.

गावातले जवळजवळ सगळे इथे येऊन गेले. सिंहस्थासाठी चार कुटुंबांनी आमचा हॉल आत्ताच सांगून ठेवला आहे. ज्यांनी कधीच काही काम सांगितलं नाही असे तुम्ही एकटेच. तरी या. कुठलाही विधी नाही. तुम्हाला एक गोष्ट दाखवायची आहे. इथे नदीच्या पात्रात मारुतीची मोठी मूर्ती आहे, आणि पूर आला की लोक पाण्याची उंची तिच्यावरून सांगतात. आज गुडघ्याला लागलं, आज कमरेला. पाहिलंही आणि मोजलंही. तुम्हाला हे आवडेल की तुम्ही चिडाल, यावर मी आणि तुमची सूनबाई रोज वाद घालतो.

येताना गावात कुणाला सांगू नका, नाहीतर जीप भरून येईल.

आपला विद्यार्थी.

ता. क. बुधवार बघून या.